साठ घरांची काळी पाटी

शिंक काही माणूस ठरवून देत नाही, एवढंच माझ्या बचावाचं निवेदन आहे. चैत्रातली दुपार होती. रेवदंड्याच्या त्या बोळात शेजारच्या घरी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होत्या, आणि त्यांचा खकाणा वाऱ्याच्या खांद्यावर बसून ताईच्या पश्चिमेच्या खिडकीतून आत आला. टेबलावर, सूक्ष्मदर्शकाशेजारी, वरची काच काढून ठेवलेली एक काळी पाटी होती. लांबट बिस्किटाएवढी, पांढऱ्या रेघांनी साठ घरं आखलेली, आणि प्रत्येक घरात खसखशीच्या दाण्याहून बारीक एकेक ठिपका. काही पांढरे, काही गुलाबी. मी कौतुकाने वाकलो आणि शिंकलो. मान वर केली तेव्हा साठही घरं रिकामी होती.

ते ठिपके म्हणजे कवचं होती. एकाच पेशीचा देह घेऊन समुद्राच्या तळच्या चिखलात नांदणाऱ्या जीवांची कवचं. फोरॅमिनिफेरा हे त्यांचं शास्त्रातलं नाव, जे मला इतक्या वर्षांत एका दमात कधी म्हणता आलेलं नाही. माझी थोरली बहीण कॉलेजात शिकवता शिकवता आयुष्यभर त्यांची कुळं लावत बसली. खाडीतून चिखल आला की ती त्यावर एक गुलाबी द्रव ओतायची. पाण्याबाहेर काढताना जो जीव जिवंत होता त्याचा देह तो रंग धरायचा, आणि ज्याचा धनी कधीच निघून गेला ते कवच पांढरंच राहायचं. तिच्या कपाटातला तिसरा खण कच्छहून आणलेल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या, नाण्यासारख्या चपट्या मोठ्या कवचांचा. जिवंत, मेलेले आणि दगड झालेले. ताईच्या जगाची वर्गवारी एवढीच. तिच्या मते मी अजून कुठल्याच खणात नीट बसत नव्हतो.

तिची आठवण काढली की मला प्रथम तिची कुंचली दिसते. दोन-तीन केसांची ती कुंचली ती जिभेच्या टोकाला लावायची, श्वास रोखायची, आणि एक कण असा उचलायची की देवघरातल्या निरांजनाची वातही इतक्या हळुवारपणे कुणी सरळ करणार नाही. त्या क्षणी घरातलं घड्याळसुद्धा दबकत चालतंय असं वाटे. आमच्या वडिलांचं पेणकडे मिठागर होतं. उन्हाने पाणी आटून वाफ्यात पांढरं चांदणं पसरलं की आम्ही भावंडं त्यात पाय घालून आरडाओरडा करायचो. ताई मात्र मिठाचा एक खडा चिमटीत धरून सूर्याकडे रोखायची आणि त्याच्या आतल्या भिंती मोजायची. मोठेपणी तिने फक्त खडा बदलला. रेवदंड्याचा होडीवाला नाखवा बादली ओट्यावर ठेवत दरवेळी म्हणायचा, "बाय, अख्ख्या गावात मासली सोडून चिखल मागनारी तूच हाय!" आणि ताई म्हणायची, "तुझी मासळी काय हवा खाऊन जगते?"

तर ती पाटी. तिच्या तरुणपणीच्या खाडीची, म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे खाडीच्याही तरुणपणीची. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजातून एक प्राध्यापिका येऊन सगळा संग्रह घेऊन जाणार होत्या. जुना डिंक सुकून कवचं सुटी झाली होती, म्हणून ताईने काच काढली होती. शेवटचं एकदा तपासून, नव्याने चिकटवून, ती यादीखाली सही करणार होती. "मी स्वतः पाहिल्याशिवाय एकही पाटी या घराबाहेर जाणार नाही, नंदू," असं सकाळीच मला सुनावून ती जेवणानंतर आत आडवी झाली होती.

चोपन्न वर्षांच्या गृहस्थाने अशा वेळी बहिणीला उठवून खरं सांगावं. नागावात माझं दोन खोल्यांचं होमस्टे आहे, पाहुण्यांना मी रोज प्रामाणिकपणावर प्रवचन देतो. पण ताईसमोर माझं वय नेहमीच आठ असतं. मी टेबल, फरशी, खिडकीची चौकट, सगळं हलक्या हाताने झाडून ती धूळ वर्तमानपत्राच्या पुडीत बांधली, खिशात घातली. मग पँटची दुमडलेली कड उलगडली, तिच्यातून नागावच्या किनाऱ्याची वाळू निघाली, आणि ताईचीच कुंचली जिभेला लावून एकेका घरात एकेक कण ठेवत सुटलो. निदान चहा होईपर्यंत तरी बोलणी टळतील, एवढाच त्यामागचा दूरदर्शी विचार. ती भिंगात डोकावताच ओरडणार याची मला पक्की खात्री होती. त्या ओरडण्याची मी जवळजवळ वाटच पाहत होतो.

ताई उठली. खुर्चीवर बसली, पाठ ताठ केली, डोळा भिंगाला लावला. उतरतं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर मिठासारखं चमकत होतं. तिचा आवाज संथ लयीत कुळांची नावं घेऊ लागला.

"पहिल्या घरात अमोनिया. गुलाबी. काढला तेव्हा जिवंत होता. दुसरा एल्फिडियम. गुलाबी. तिसरा रिकामा, पांढरा. चौथा, अरे हा बघ माझा लाडका, मिलिओलिड. काय तकाकी आहे अजून! लिहितोयस ना?"

मी लिहीत होतो. बोटं लिहीत होती, बाकीचा मी जागच्या जागी दगड झालो होतो. त्या पाटीवर गुलाबी असं काहीही नव्हतं. होती ती करडी, ओबडधोबड, पर्यटकांच्या चपलांखाली तुडवलेली वाळू. आणि माझी बहीण तिच्यात एकेका जीवाला नावाने हाक मारत होती, एकही न चुकता, पाढे म्हणावेत तशी. साठाव्या घरापर्यंत. डिंकाची बाटली तिने उघडलीच नाही. मग यादीवर तिने सही केली, आणि ती सही कागदाच्या ओळीवरून उतरून खाली रिकाम्या जागेत गेली.

तेव्हा मागचं एकेक दृश्य भरतीच्या पाण्यासारखं चढत आलं. कपात चहा ओतताना कडेवर टेकवलेलं तिचं बोट. माझ्याकडे बघताना किंचित बाजूला वळवलेली मान, जिला मी थोरलेपणाचा तोरा समजत होतो. हल्ली ती फक्त दगड झालेली मोठी कवचं घेऊन बसायची आणि अंगठ्याने त्यांचे वेढे चाचपायची. "आज उजेड बरा नाही," हे तिचं रोजचं वाक्य. उजेड तर खिडकीभर असायचा. मी तोंड उघडलं. त्यातून "येतो ताई" एवढंच आलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, शिंकेपासून सहीपर्यंत. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "संक्रांतीला त्यांनी तिळगूळ माझ्या तळहाताऐवजी बांगडीवर ठेवला. खाली पडला. मी उचलून खाल्ला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"त्यांना सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आणि तुम्ही दर रविवारी जाता, समोर बसून चहा पिता. मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

मग तिने हात पुढे केला. मी खिशातली पुडी काढून दिली. तिने तवा पालथा घातला, त्याच्या काळ्या पाठीवर ती धूळ पसरली, चष्मा लावला आणि सुईच्या टोकाने एकेक कण बाजूला सारू लागली. बराच वेळ नुसता कचरा. मग सुई थांबली. मी वाकलो, या खेपेला नाक मुठीत धरून. तव्यावर एक गुलाबी ठिपका होता. तो जीव ताईच्या तरुण हातांनी खाडीतून वर आला, त्याच क्षणी मेला, आणि तरीही आपण तेव्हा जिवंत होतो एवढी साक्ष इतकी वर्षं रंगात धरून बसला. डोळे जातात, खाडी बदलते, होडीवाले बदलतात; काळ आपल्याला रिकामं करत नेतो, आणि कुणीतरी आपलं नाव न विसरता आपलं घर राखून ठेवतं. ताईने वाळूला त्या जीवांची नावं दिली नव्हती. जे तिथे नव्हते त्यांना तिने त्यांच्या जागी पाहिलं होतं. पण उद्या तिच्या सहीखाली वाळू जाणार होती.

"उजाडताच निघा, त्या बाई यायच्या आत," बायको तव्यावरून मान न उचलता म्हणाली. "ही पुडी घेऊन जा. दिसेल ते तुम्ही ताईंना सांगा, ओळखतील त्या. पण आधी तुमची शिंक सांगा. मग त्यांच्या डोळ्यांचं काढा."