भवानीचं गिऱ्हाईक

उन्हाळ्यात माझ्या ताब्यात फ्रिज ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. हे माझी लेक हेतल म्हणते, आणि खोटं म्हणत नाही.

अहमदाबादला नदीकाठी दर रविवारी गुजरी बाजार भरतो. तिथे आमचा ओटा आहे. जुने फ्रिज, कूलर, कपडे धुवायची मशिनं, मिक्सर, असला सगळा माल. आठवडाभर मी सोसायट्यांमधून फिरून तो गोळा करायचा, नवऱ्याने, म्हणजे भलाभाईने, गॅस भरून आणि दाराचं रबर बदलून चालता करायचा, आणि रविवारी उजाडायला टेम्पो ओट्याला लावायचा. धंद्यात माझे नियम दोनच. एक सासूने शिकवलेला: भवानीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही. दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक ओट्यावरच्या ज्या वस्तूवर हात ठेवेल ती त्याला द्यायची, भाव पडला तरी द्यायची. नाही दिली तर आमची देवी, मेलडी मा, रुसते आणि अख्खा दिवस माशा मारत बसावं लागतं. दुसरा नियम माझा स्वतःचा: बाजाराच्या फाटकाबाहेर गेलेला माल परत घेणार नाही. हा मी इतक्यांना ऐकवलाय की झोपेतही बडबडत असेन.

हेतलचा साखरपुडा झाला तेव्हा चार माणसांत मी बोलून गेले, मुलीला फ्रिज देईन. मागितला कुणी नव्हता. कलोलच्या विहीणबाई मंछाबेन पान चावत म्हणाल्या, "तुम्हाला काय तोटा, कंकूबेन? देताय तर बघू." सगळे हसले. ते 'बघू' तेव्हापासून माझ्या घशात अडकलंय.

पण खरी गोष्ट मंछाबेनची नाहीच. माझ्या लग्नात माझ्या आईने मला एक मिक्सर दिला होता, केशरी रंगाचा. तो मी धड वर्षभरही वापरला नाही. एका रविवारी सासूने तो उचलला आणि याच ओट्यावर ठेवला. पहिल्याच बाईने हात लावला, झाली भवानी. मी शेजारी उभी होते. माहेरी जाऊन रडले तर आई म्हणाली, दिलेली वस्तू सासरची, आणि दिलेली लेकही सासरची, परत घ्यायची रीत नाही. तेव्हाच मी मनात धरलं की मला मुलगी झाली तर तिच्या घरात एक तरी वस्तू अशी असेल जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हात चालणार नाही.

आणि केलं काय? होळीच्या सुमाराला एक निळा फ्रिज हेतलसाठी बाजूला काढला. कॉलेजच्या दोन मुली सकाळीच आल्या, त्यावर हात ठेवला, गेला. मग चैत्रात एक पांढरा मिळाला. एका माणसाला बापाची औषधं थंड ठेवायची होती. भवानी त्याचीच. तोही गेला. घरी आणून ठेवायचा म्हटलं तर आमच्या गल्लीत समोरून माणूस आला की एकाला मागे सरावं लागतं, तिथे फ्रिज कुठून जाणार. माल राखून ठेवायला दुसरी जागा नाही; जे टेम्पोत चढतं ते ओट्यावर उतरतं. मी दोन्ही वेळा माताजीचं नाव पुढे केलं. हेतल म्हणाली, "मेलडी माला कशाला मध्ये घेतेस, आई? तुझेच हात शिवशिवतात."

राग आला मला. कारण ते खरं होतं.

अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न, आणि हा त्याआधीचा शेवटचा रविवार. या वेळचा फ्रिज पालडीच्या एका बंगल्यातला, तपकिरी, दोन दारांचा. भलाभाईने त्याला नवा कॉम्प्रेसर बसवला होता. चालू केला तरी आवाज नाही. मी तो ताडपत्रीत गुंडाळला, वर सुतळी आवळली, कोपऱ्यात भिंतीला लावला आणि पुढे कूलर आडवा ठेवला. म्हटलं, दिसलाच नाही तर हात कोण लावतो?

तरी जिवाला चैन पडेना. बशीत ओतलेला चहा तसाच गार झाला. पुसलेले मिक्सर पुन्हा पुसले. उठले, बसले, पुन्हा उठले. ऊन नदीच्या पाण्यावरून ओट्यावर चढलं, शेजारच्यांच्या भवान्या झाल्या, आणि माझ्याकडे एक कुत्रं फिरकेना. लोक यायचे, बघायचे, पुढे जायचे. आणि प्रत्येकाची नजर मला त्या ताडपत्रीवरच जाताना दिसे.

"बस की जरा," भलाभाई म्हणाला. "तूच सारखी मागे बघतेस, म्हणून लोकही बघतात."

बसले. बसल्या बसल्या पाय हलवत राहिले. तेवढ्यात गर्दीतून दलसुखभाईची पांढरी टोपी दिसली. लस्सीचं दुकान आहे त्याचं, दर उन्हाळ्यात एक फ्रिज नेतो, घासाघीस करत नाही. पालडीचा माल उतरल्याचं त्याच्या कानावर गेलं असणारच. तो लांबूनच मान वाकडी करून बघत येत होता, आणि त्याचे डोळे कोपऱ्यावर थांबले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटच्या पोरीचा फ्रिज, आणि मला आनंद झाला. भाव जिभेवर आला. स्वतःचीच लाज वाटली, तरी भाव काही जिभेवरून उतरेना.

हेतल चहाचे पेले विसळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दलसुखभाईकडे. पेले ठेवले, ओट्यावरून खाली उतरली, वळसा घालून समोर आली आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली. ओढणी डोक्यावर ओढून घेतली. कूलर सरकवला आणि ताडपत्रीवर तळवा ठेवला.

"हा कितीला, बेन?"

"हेतल, मस्करी पुरे. गिऱ्हाईक येतंय."

"गिऱ्हाईक आलंय. तुझी भवानी व्हायचीय ना अजून?"

तिने कमरेचा रुमाल सोडला. वर्षभर शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून, मणी ओवून तिने जे साठवलं होतं ते त्याच्या गाठीत होतं. गाठ तशीच माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, वेडी झालीस का, तुला मी देतेच आहे ना तो.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "दिलेली वस्तू त्यांची होते. मिक्सरचं तूच सांगतेस ना? विकत घेतलेली माझी राहील."

दलसुखभाई येऊन उभा राहिला होता, आणि आजूबाजूचे दोघंतिघंही. गाठ मी सोडली नाही. कपाळाला लावली, मेलडी माच्या फोटोला लावली, मग फ्रिजच्या डोक्याला टेकवली.

"कंकूबेन, हा विकला?" दलसुखभाईने विचारलं.

"विकला," मागून भलाभाई बोलला आणि सुतळी सोडायला लागला. एका गाठीला त्याला फार वेळ लागला.

हेतलने मात्र गिऱ्हाइकाचा आव सोडला नाही. दार उघडलं, लावलं, रबरावरून बोट फिरवलं, मागे वाकून नळ्या बघितल्या. गॅरंटी किती, असं विचारलं. मी म्हटलं, गुजरीत गॅरंटी नसते. लोक हसले, तीही हसली. मग हसू थांबवून तिने हळूच विचारलं, "आणि नाहीच जमलं तर? परत घेणार का?"

हे विचारताना तिचं तोंड फ्रिजकडे होतं. हात दाराच्या मुठीवर होता, आणि ती मूठ तिने घट्ट धरली होती.

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. जन्मभर तेच देत आले होते. माझ्या आईनेही मला तेच दिलं होतं.

"घेईन," मी म्हटलं. "कधीही. टेम्पो घेऊन मीच येईन."

दलसुखभाई लगेच म्हणाला की मग त्यालाही याच बोलीवर एक फ्रिज हवा. मी त्याला सांगितलं, ही बोली एकीपुरतीच आहे, तुम्ही तो कूलर बघा.