लिफ्टच्या तारेची होडी

"तुझ्या तर आयला!" म्हणत धनेशने तार ताणायच्या टर्नबकलमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला आणि आणखी एक पीळ दिला. होडीच्या काठापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत गेलेली तार ताठ झाली. त्याने तिला टिचकी मारली. टण्ण! हर्षितच्या कानाखाली काढला असता तर असाच आवाज निघाला असता, असं त्याला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

"बस रं," चिखलात उकिडवा बसलेला त्याचा बाप, धाकू, म्हणाला. "कशाला आवलतंस येवरी? होडी हाय ती, लिफ्ट नाय."

"बाबा, तू गप ऱ्हा जरा. उद्या ही चालली पायजे."

धनेश मिशी फुटल्यापासून लिफ्ट मेकॅनिक. बाळकुमच्या ज्या शेतात बापाने भात लावला, त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या लिफ्टा सांभाळायचा. माणूस महा वात्रट. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की बाहेरून विचारायचा, "चहात साखर किती घेणार?" आतून शिव्या सुरू झाल्या की म्हणायचा, "चला, हवा पुरतेय," आणि मग दार उघडायचा. पण सध्या त्याला एकही खोडी सुचत नव्हती. डोक्यात नुसता जाळ होता.

जाळ लावला होता चुलतभाऊ हर्षितने. होडी दोन्ही घरांची सामाईक. ह्या शहाण्याने कोणाला न विचारता ती कॉम्प्लेक्सवाल्यांना कबूल करून टाकली, गेटवर ठेवायला. रंग मारायचा, दिवे सोडायचे, लोकांनी पुढे उभं राहून सेल्फी काढायच्या. भावकीच्या बैठकीत धनेशने थयथयाट केला, तेव्हा हर्षित गार आवाजात म्हणाला, "दादा, किती वरसं चिखलात लोललेय ती. नारली पुनवेला शीड लावून चालव. चालली तर तुझी. नाय तर गेटवर."

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून धरून ठेवणारे तणावे जुन्या काथ्याचे होते, पार कुजलेले. धनेशने कामावरची उतरवलेली लिफ्टची तार आणली.

"दोर वाऱ्यात वाईच नमतो," धाकू परत म्हणाला. "तार नमाची नाय. आंगठ्यानं दाबली का आत गेली पायजे, तवरीच ठेव."

"लिफ्टची तार अशी ढिली ठेवली तर माणसं मरतील, बाबा."

"लिफ्टीत वारा कवा भरतो?"

खरं तर ह्यावर धनेशने हसायला हवं होतं. पण समोर हर्षितचं थोबाड दिसत होतं. त्याने दोन्ही बाजूंना आणखी पीळ दिला. होडीच्या पोटात कुठेतरी कट्ट झालं.

"बसली तार," धनेश म्हणाला.

धाकू डोलकाठीचा पाय तळाच्या लाकडावर जिथे टेकतो, तिथे बघत राहिला.

पुनवेला काठावर सगळं गाव. बँजो वाजत होता. हर्षित गॉगल लावून हजर. खाडीला नारळ दिला, शीड चढलं, धाकू नवी टोपी घालून सुकाणूवर बसला. वारा भरला आणि काय सांगू, होडी अशी निघाली जशी नवी नवरी माहेराला निघते.

धनेशची जीभ सुटली. "ए हर्षित! गेटवर आता तू उभा ऱ्हा! दिवे मी लावतो तुला!"

काठावर हशा पिकला. हशा ओसरायच्या आत धाकूने गुपचूप एक पाय वर उचलला. घोट्यापर्यंत पाणी होतं.

तारांनी डोलकाठी खाली दाबत दाबत तळाच्या फळ्यांचा सांधा उकलला होता. धनेश डब्याने पाणी उपसत राहिला, शिव्या देत राहिला. शेवटी हर्षितनेच मशीनची होडी आणून त्यांना ओढत काठाला लावलं.

"दादा, लागलं नाय ना कुनाला?"

ह्या साल्याने दात काढले असते तरी चाललं असतं. आता मारायला पण कोणी उरलं नव्हतं. धनेश बापावरच ओरडला, "बोल ना! दे शिव्या!"

धाकू टोपी पिळत होता. "तार वरडत व्हती कालपास्नं. तिचं नाय आयकलंस, माजं काय आयकशील?"

दसऱ्याला होडी कॉम्प्लेक्सच्या गेटवर सिमेंटच्या निळ्या लाटांवर चढली. तारा तशाच ताणलेल्या. दुसऱ्याच आठवड्यात सेक्रेटरी सुशांत साहेबांचा फोन आला, "धनेश, जरा ये ना यार. होडीच्या वायर टाइट करून दे, त्यावर लायटिंग सोडायचंय."

धनेश हत्यारं घेऊन गेला तो एकदाची मोडूनच टाकायला. चढला, स्क्रूड्रायव्हर घातला, आणि कोण जाणे का, आधी अंगठ्याने तार दाबून बघितली. जराही आत जाईना. मग त्याने उलटा पीळ दिला. अंगठा आत जाईपर्यंत देत राहिला. तिन्ही तारा. शीड चढवायचा रिकामा दोर लोंबत होता, त्याच्या टोकाला लोखंडी कडी. ती त्याने बांधली नाही.

खाडीवरून वारा आला. कडी डोलकाठीवर आपटली. ठक्. ठक् ठक्.

"हा कसला आवाज?" सुशांतने विचारलं.

"नवीन फिटिंग आहे साहेब. बसेल हळूहळू."

आता रोज दुपारी वारा सुटला की पहिल्या मजल्यावरची झोप उडते. तक्रारीवर तक्रारी. धनेश प्रत्येकाला सांगतो, "बघतो."

त्याचं घर कॉम्प्लेक्सच्या भिंतीमागेच. धाकू हल्ली खाटेवरून फारसा उठत नाही. एका दुपारी धनेश जेवायला बसला होता. फोन थरथरला. सुशांत साहेब. भिंतीपलीकडचं ठक् ठक् एकदम वाढलं.

"वारा फिरला," डोळे मिटूनच धाकू म्हणाला. "भरती लागली आसंल."

त्याचा हात खाटेच्या कडेवरून सरकत मागे गेला आणि सुकाणूवर ठेवावा तसा उशाच्या दांडीवर येऊन थांबला.

धनेशने फोन उलटा करून ठेवला.