टॅबमधली प्रेरणा

दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरात 'डिंपल मोबाईल रिपेअरिंग' लिहेल आहे. तरी सोनाळ्यात येणारा दर दुसरा माणूस काउंटरवर हात ठेवून मलेच विचारते, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणते, "मिस्त्री मेले. बोला, काय बिघडलं?" मंग तो गडबडते, अन् मोबाईल गुपचूप काढून देते. अकोल्याले सहा महिने कोर्स केला तवा वर्गात आठ पोट्टे अन् मी एकटी. तथीच शिकली, आपुन आधी खेकसलं नाई तं लोक आपल्यावर खेकसते. आई म्हणते, डिंपे, तुझ्या जिभेले हाड नाई. नसन. पण हात बरा आहे माझा, हे गावात कोणालेबी विचारा.

दसरा होऊन पाच दिवस झाले होते. सकाळचे दहा-साडेदहा. टुनकीकडून आलेल्या ऑटोतून एक म्हातारा-म्हातारी उतरले. म्हातारी त्याईचा हात धरून पुढं, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळेल काहीतरी.

"मिस्त्री आहेत का बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मिस्त्री मेले," मी म्हणली. अन् मंग पाह्यलं, त्याईचे डोळे माझ्याकडं नव्हतेच, भिंतीकडं होते. पाटी दिसायचा प्रश्नच नव्हता. माझीच मले लाज वाटली. पण ते हसले. म्हणे, "बरं, मंग तुम्हीच पाहा."

रंगराव त्याईचं नाव. बायको तानुबाई. टॉवेल सोडला तं आत टॅब निघाला, बारावी सायन्सच्या पोराईले सरकारी योजनेतून भेटते तसला. चालू करून पाह्यला. कंपनीचं नाव आलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्याच्यापुढं काही जाईच ना.

"शेगावच्या दुकानदारानं सांगतलं का आतलं सगळं पुसून टाकू, मंग लागीन," रंगराव म्हणे. "म्या त्याच्या हातातून ओढून घेतला. आतलंच तं पायजे मले."

"काय आहे आत?"

"पोरीचा आवाज."

पोरगी प्रेरणा. एकुलती एक. पोळ्याच्या आधल्या हप्त्यात डेंगू झाला अन् सहा दिवसात संपली. बारावीले होती. तिची अभ्यासाची तऱ्हा वेगळीच होती. धडा इंग्रजीतून वाचायचा, मंग टॅबात रेकॉर्डिंग लावायचं अन् तोच धडा आपल्या बोलीत स्वतःलेच समजावून सांगायचा. वावरात निंदाले गेली का तेच कानात लावून ऐकायची. असे एकवीस धडे होते. मधातच बापाले दटावलेलंबी होतं, "बाबा, खोकलू नका, रेकॉर्डिंग चालू आहे."

"ती दीड वर्साची होती तवा माझे डोळे गेले," रंगराव सांगे. "काचबिंदू. तिचं तोंड कसं होतं, मले माहीत नाई. लोक म्हणत आईवर गेली. असन. माझ्यासाठी पोरगी म्हणजे तिचा आवाज, दुसरं काही नाईच."

तानुबाईले वाचता येत नाई, पण पोरीनं तिले शिकवलं होतं, कोणत्या गोल चित्रावर बोट ठेवलं का धडा लागते. पोरगी गेल्यावर रोज संध्याकाळी पाच वाजता चहा झाला का ती एक धडा लावे. एकच. एकवीस झाले का पुन्हा पहिल्यापासून. म्हातारा तेवढ्यासाठी दिवस काढे.

"पाच दिवस झाले, बंद आहे," ते म्हणे. मंग काउंटरवर वाकले, जसं काही बायकोले ऐकू जाऊ नाई. "बाई, खरं सांगू? आवाज निसटून राह्यला. परवापर्यंत तिनं 'बाबा' म्हणलेलं कानात येत होतं. आज सकाळी आठवाले बसलो, तं शेजारच्या पोरीचा आवाज आला."

अन् मी काय बोलली माहीत आहे? "काका, चिंता करू नका. ह्या टॅबातला एकबी धडा मी जाऊ देणार नाई. संध्याकाळचा चहा तुम्ही आवाज ऐकूनच प्या." असं बोलू नाई माणसानं. डॉक्टरबी असं बोलत नाई. पण मले माझ्या हाताचा भलता भरवसा.

म्हाताऱ्याले बाहेर बाकड्यावर बसवलं. तानुबाई आत राह्यली. तिनं डोळा टॅबवरून हालवला नाई.

मी मागचं झाकण उघडलं, पहिले बॅटरीची पट्टी काढली. अन् चालू करायच्या बटणाजवळ पाह्यलं तं लाल. वाटलं गंज आहे. भिंगातून पाह्यलं. गंज कशाचा, कुंकू होतं ते! हळद-कुंकू, पाण्यात कालवून, वाळून दगड झालेलं. चालू करायच्या बटणाखाली, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली, चार्जरच्या भोकात सगळीकडं. चालू करायचं बटण असं बसेल होतं का वर येईच ना. जसं काही कोणी रातंदिवस दाबूनच धरेल आहे.

"हे काय आहे, मावशी?"

तानुबाई टॉवेलाची घडी घालाले लागली.

"पूजा केली का याची?"

"दसऱ्याले," ती म्हणे. "दरसाली तिची पुस्तकं ठेवतो, इळा-खुरप्याच्या बाजूले. यंदा पुस्तकं तिच्या मैत्रिणीले देऊन टाकली, मंग हेच ठेवलं."

आता इथी माझी जीभ सुटली. "अवं, टॅबची पूजा कोण करते? पाणी शिंपडलं? कुंकू लावलं? देवाधर्माले काही अक्कल लागते का नाई! हे काय खुरपं आहे का धुऊन पुसून ठेवाले? एवढी पोरीची निशाणी, अन् तुम्हीच तिचा गळा दाबला ना!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं अन् मी थबकली. पण गेलं ते गेलं. तानुबाईनं पदर तोंडाले लावला. रडली नाई, ओरडली नाई. नुसती मान हालवली, हाव, हाव, अशी. तिनं मले दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

मंग मी तोंड बंद करून कामाले लागली. साफ करायचं पाणी, बारीक ब्रश, सुईचं टोक. तासभर एकेक कण काढला. बटणं मोकळी झाली, टकटक वाजाले लागली. बटणाखालची पट्टी वाळवली. मनात म्हणलं, बस, जमलं. बटणच बसेल होतं म्हणून तो चालू-बंद होत होता, बाकी टॅब चांगला आहे, आवाज आहे तथीच असन. बॅटरी जोडली, चालू केला.

कंपनीचं नाव आलं. या वेळी गेलं नाई. पुढं सरकलं. अन् सुरू व्हायची ती तीन सुरांची धून वाजली.

मी आनंदानं काउंटरवर हात आपटला. तानुबाई उभी राह्यली. अन् मंग पडद्यावर आलं: 'स्वागत आहे. भाषा निवडा.'

ज्यानं नवा मोबाईल घेतला त्याले माहीत आहे हे कधी येते. डब्यातून पहिल्यांदा काढला का येते. नाईतं सगळं पुसलं का येते.

मले समजाले वेळ नाई लागला. बटणं अडकली का कवाकवा टॅब एका काळ्या पडद्यावर जाते. तथी इंग्रजीत यादी असते, अन् त्यात एक ओळ असते, सगळं पुसून नव्यासारखं करा. तथी पडद्याले बोट लावून काही होत नाई, आवाजाची बटणंच वर-खाली नेते, अन् चालू करायचं बटण म्हणजे 'हो'. हे पाच दिवस चार्जिंगले लावून ठेवत होते, लागीन, आज लागीन, म्हणून. अन् ते ओलं कुंकू वाळता वाळता आतल्या आत बटणं दाबत-सोडत होतं. खाली, खाली, हो. पुन्हा खाली, हो. कवा झालं असन कोणास ठाऊक. घरात दोघं बाजूले बसेल असतीन, अन् पोरगी पुसल्या जाऊन राह्यली होती.

तानुबाईले अक्षर वाचता येत नाई, पण पडद्यावर एरवी पोरीचा फोटो राहे, तो नव्हता. ती माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली. मी तिच्याकडं पाह्यलंच नाई.

तेवढ्यात भिंत चाचपत रंगराव आत आले. तोंडभर हसू. "लागला! मी ऐकलं. हे वाजलं का मंग धडा लागते." खुर्ची सापडून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोणताबी लावा. पहिलाच पायजे असं काही नाई."

"थांबा काका," मी म्हणली. "अजून थोडं काम आहे."

काम कायचं? मेमरी कार्ड पाह्यलं, नव्हतंच. पुसल्यावरबी काही काढता येते का म्हणून माझ्या कॉम्प्युटरले जोडला, दोन-तीन सॉफ्टवेअर लावले. एक कण आला नाई. अकोल्याच्या माझ्या सरांले फोन केला. ते म्हणे, डिंपल, ह्या मॉडेलमंधी पुसलं म्हणजे पुसलं, सोडून दे. मी सरांवरबी खेकसली अन् फोन ठेवला.

तानुबाईले हळूच विचारलं, पोरीनं कोणाले पाठवले होते का धडे? ती म्हणे, निशिगंधाले. पुस्तकं दिली तीच मैत्रीण. नंबर म्हाताऱ्याले तोंडपाठ होता. मी फोन लावला, अन् मले वाटलं देव आहे.

"हाव ताई, दोन-तीन पाठवले होते तिनं मले," निशिगंधा म्हणे. "पण फोन भरला म्हणून जूनमंधीच उडवले. तवा ती होती ना, ताई. पायजे तवा पुन्हा भेटले असते." अन् फोनवरच हुंदके द्याले लागली. मी तिले चूप राह्य म्हणू शकली नाई. फोन कापला.

आता सांगणं आलं. मी त्याईच्या समोर जाऊन बसली.

"काका, काही राह्यलं नाई."

"म्हणजे?"

"सगळं पुसल्या गेलं. परत येत नाई."

बाहेर एसटी येऊन गेली, लोक चढले-उतरले. मंग म्हणे, "कशानं?"

तानुबाईचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. सकाळी मी तिले जे बोलली ते मले आठवलं. जलमभर मी कोणाची चूक स्वतःवर घेतली नाई, खोटं नाई सांगत. पण म्हणली, "माझ्या हातून झालं. साफ करताना चुकीचं बटण दाबल्या गेलं. मले माफ करा."

वाटलं, आता म्हातारा शिव्या घालीन. घालू दे. माझं वाटोळं होवो म्हणीन. म्हणू दे. मले तेच पायजे होतं.

"नाई बाई," रंगराव म्हणे. "तुम्ही हिच्यावर ओरडल्या, ते बाहेर ऐकलं मी. डोळे नाई, कान तं आहे."

तानुबाईनं त्याईच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या," म्हणे.

"काऊन राहू देऊ? हिनं आपल्या मनानं नाई ठेवला पूजेत. ही तं नाईच म्हणत होती. म्हणे, पाणी लागीन, बिघडीन, हे पूजेत ठेवायचं नाई. म्या म्हणलं, पोरगी गेली म्हणून तिचा दसराबी नाई करायचा का? हिले ठेवाले लावला. हिनं लांबूनच दोन थेंब शिंपडले. मले काही दिसत तं नाई. वाटलं, ही मन राखाले खोटंच सांगून राह्यली. मंग कुंकवाची वाटी मागून घेतली, अन् चाचपत चाचपत म्या माझ्या हातानं लावलं. सगळ्या कडांनी. अंगठ्यानं दाबून दाबून."

तो उजव्या हाताचा अंगठा त्याईनं डाव्या हाताच्या मुठीत धरला होता. अन् आवळत होते. एवढा आवळत होते का नख पांढरं पडलं. अन् मी, गावावर खेकसणारी डिंपल, काउंटरवर डोकं ठेवून रडली. तानुबाईच माझ्या पाठीवरून हात फिरवाले लागली. जिले मी पोरीचा गळा दाबला म्हणली, ती.

दोनचा ऑटो हॉर्न वाजवाले लागला. ते दोघं उठले. म्हातारीनं त्याईच्या डोक्यावर टोपी ठेवली, हात धरला. टॅब काउंटरवरच होता, पडदा उजेडात, भाषा निवडा म्हणत.

मी डोळे पुसले. "काका, टॅब न्या ना. आता चांगला चालते."

रंगराव दारात थांबले. मान वळवली नाई.

"राहू द्या बाई इथीच. घरी नेला तं ही रोज पाच वाजता चालू करून पाहीन," ते म्हणे, "अन् मीबी बाजूले कान देऊन बसीन."