सहाव्या तासाची नोंद

धाराशिवकडची विजयश्री लग्न होऊन पुण्याजवळच्या रहाटणीत आली आणि चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला लागली. कंपनीत समुद्रावर संकटात सापडलेल्यांसाठी तरंगते इलेक्ट्रॉनिक दिवे बनत. नियम कडक होता. प्रत्येक लॉटमधला एक दिवा खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचा, तो लुकलुकत ठेवायचा आणि दर तासाला उजेड मोजायचा. सहा तासांनंतरही उजेड ठरलेल्या मापाखाली जाता कामा नये. विजयश्रीने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण टाकीतलं पाणी ती मीठ मोजून घालायची.

एकदा चाचणी उशिरा सुरू झाली. पाच नोंदी होईपर्यंत तीन वाजले. सहावी चार वाजता घ्यायची होती आणि कंपनीची बस साडेतीनला निघायची. आजवर एकही दिवा सहा तासांआधी विझला नव्हता. तिने सहावा आकडा अंदाजाने लिहिला, सही ठोकली आणि बस गाठली.

चार महिन्यांनी गेटवरून निरोप आला, कोकणातून एक माणूस तिचं नाव घेऊन आलाय. त्याचं नाव रोहिदास, दापोलीकडचा मच्छीमार. त्याने पिशवीतून दिवा काढला. घरी राहिलेल्या त्याच्या खोक्यातल्या तपासणीच्या चिठ्ठीवर तिचंच नाव होतं.

"ताई, बोट बुडाली तेव्हा ह्यो पेटवला," तो सांगू लागला. "लांबून एक ट्रॉलर आमच्याकडे यायला लागला होता. सहा तास चालतो म्हणून आमी निर्धास्त. पाच तास झाले नि ह्यो गप्प झाला. ट्रॉलर वळून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमी दोघे भाऊ फळीला धरून होतो. थोरला तेव्हापासून बोटीवर पाय ठेवत न्हाई." मग तो ओशाळून म्हणाला, "पेटवताना माजं काय चुकलं, तेवढं दाखवा. पुढच्या वेळी चुकायला नको."

विजयश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्वतःलाच दोष देत होता.

तिने लॉट नंबर पाहिला. गोदामात त्याच लॉटचा एक शिल्लक दिवा सापडला. साडेनऊला तो तिने टाकीत सोडला. रोहिदास जवळच स्टुलावर बसून राहिला. दोन वाजून पन्नास मिनिटांनी दिवा दोनदा मंद लुकलुकला आणि विझला. बॅटरी धरणारी पत्ती त्या एकाच लॉटला वेगळी बसवली होती. खाऱ्या पाण्याने ती खाल्ली होती.

"म्हणजे दिव्यातच खोट व्हती," रोहिदास सुटकेने म्हणाला. "तुमी तरी काय करणार?"

गप्प बसली असती, तर तो तिचे आभार मानून गेला असता.

"दादा, मला कळलं असतं," ती म्हणाली. मान वर होईना. "शेवटची नोंद मी घेतलीच नाही. बस चुकेल म्हणून आकडा मनानेच लिहिला."

रोहिदास स्टुलावरून उठला. शिवी देईल, हात उगारेल, असं तिला वाटलं. त्याने एवढंच विचारलं, "असे किती गेले?"

"दोनशे चाळीस."

"मग हितं काय बसलात? उठा."

तिने मॅनेजर दिग्विजय सरांपुढे सगळं कबूल केलं. ते आधी दार लावून ओरडले. मग बंदराबंदरांवरच्या दुकानांना फोन सुरू झाले. कंपनीने लॉट परत मागवला आणि विजयश्रीला पॅकिंगला टाकलं. नवऱ्याने कारण विचारलं, तेव्हा खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि खरं सांगितलं. त्या दिवशी जेवताना तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

दोनशे नऊ दिवे परत आले. एकतीस कुठल्या बोटींवर होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायचं रोहिदासने अंगावर घेतलं. एखादा सापडला की तो तिला फोन करतो. खुशाली विचारत नाही.

"हर्णैला दोन मिळाले," काल तो म्हणाला. "आता सतरा राहिले."

"दादा, तुमचे थोरले..." तिने विचारायला तोंड उघडलं.

फोन ठेवलेला होता. ती पुन्हा खोक्यांना पट्ट्या मारू लागली.