उजवा कौल

हातखंब्याच्या अलीकडे, हमरस्त्यालगत एक चार मजली इमारत उठत होती आणि अनिल तिथे सुपरवायझर होता. कोणाची अडचण दिसली की त्याच्या तोंडून ‘जा तू, मी बघतो’ निघालंच म्हणून समजा. बघायला जमेल की नाही, हा विचार मागाहून. असल्या माणसांना जग चांगलं म्हणतं आणि ती असतातही चांगली. फक्त त्यांच्या चांगुलपणाचा भार बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच खांद्यावर जाऊन पडतो.

त्या वर्षी कंपनीने बांधकामावर एआय आणलं. शमिका नावाची तरुण इंजिनीअर होती, तिने सगळं बसवून दिलं. खांबांवर कॅमेरे लागले. स्लॅब ओतताना काँक्रीटच्या पोटात बोटभर लांबीचं एक यंत्र पुरायचं, ते आतली उष्णता मोजून फोनवर कळवायचं. रोज सकाळी अनिलच्या फोनवर प्रश्न यायचा, ‘आज पाणी मारलं का?’ त्याने ‘हो’ दाबून शमिकाला एक फोटो पाठवायचा. उष्णता, ऊन, पाणी, सगळ्याचा हिशोब करून एआय सांगायचं, काँक्रीट किती पिकलं आणि खालचे टेकू कधी काढायचे.

गवंड्यांचे मुकादम महिपतकाका संगमेश्वराकडचे, साठीला टेकलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी या प्रकाराचं बारसं केलं. “ह्यो आपला कौल हाय,” ते म्हणाले. “देवळात गुरव देवाला इचारतो नि फूल उजवीकडं पडला की कामाला लागायचा. तसाच हा.” झालं, तेव्हापासून सगळे ‘आज कौल काय?’ म्हणूनच विचारू लागले. खरं सांगायचं तर कौल वाईट नव्हता. एकदा सिमेंट कमी पडणार हे त्याने चार दिवस आधी सांगितलं, एकदा तिरका गेलेला खांब दाखवून दिला. अनिलचा त्याच्यावर जीव जडला होता.

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतला आणि तिसऱ्या दिवशी शिमगा आला.

शिमग्यात कोकणातला माणूस कामावर थांबत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने इथे इमारत बांधू नये. ग्रामदेवतेची पालखी वर्षातून एकदा घरी येते. त्या वेळी दाराला कुलूप दिसलं तर माणसाने वर्षभर तोंड कुठे दाखवायचं? महिपतकाका तर पालखीला खांदा देणारे. उजव्या खांद्यावर दांडा घेऊन नाचायला लागले की विशीतली पोरं मागे सरायची. तरीही निघताना त्यांचा पाय अडखळत होता.

“नवा स्लॅब हाय, अनिल. फाल्गुनातला ऊन. चार दिस कोरडा पडला तर वाटोळा होईल. मी दोन दिसांनी जातो.”

“जा हो काका, मी बघतो पाण्याचं. तुम्ही देवाचं बघा.”

काका गेले. त्यांच्यामागोमाग सगळेच गेले.

आता अनिललाही गाव होतंच, वीस मिनिटांवर. त्याच्याही घरी पालखी यायची होती. आई, आनंदीबाई, ओटीचं ताट मांडून वाट बघत होती. पहिल्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर आला तो घाईतच. अख्ख्या स्लॅबवर पाणी मारायचं तर दोन तास गेले असते. त्याने जिन्याजवळच्या कोपऱ्यात चार बादल्या ओतल्या, फोटो काढला, ‘हो’ दाबलं आणि निघाला. संध्याकाळी येऊन उरलेलं नीट मारू, असं मनाशी ठरवलं होतं. पण ढोल कानावर पडल्यावर संध्याकाळ कुठली नि काय कुठलं! चारही दिवस तेच झालं. चार बादल्या, एक फोटो, ‘हो’. आणि ते बोटभर यंत्र पुरलं होतं नेमकं त्याच कोपऱ्यात, कारण वायर तिथवरच पोचत होती. अनिलला हे माहीत होतं. चौथ्या दिवशी तर त्याला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

चौदाव्या दिवशी कौल आला, त्या स्लॅबच्या पश्चिमेकडच्या गॅलरीचे टेकू काढायला हरकत नाही.

काका गॅलरीखाली उभे राहिले. हातोडीने दोन-तीन जागी ठोकून त्यांनी कान दिला. मग खाली उतरून अनिलजवळ आले.

“आवाज बद्द येतोय रे.”

“कौल उजवा आहे, काका.”

“कौलाचा जाऊ दे. मी तुला इचारतोय. शिमग्यात पाणी मारला होतास ना नीट?”

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या, टेकू आणखी महिनाभर राहिले असते. बस, एवढंच! पण अनिलला लाज वाटली. तो म्हणाला, “मारलं होतं, काका.”

“मग झाला,” असं म्हणून काका वर गेले. बाकीच्यांना त्यांनी लांब उभं केलं आणि शेवटचे दोन टेकू स्वतः काढायला घेतले. दुसरा टेकू निघाला आणि गॅलरी भिंतीच्या कडेपासून तुटून खाली आली. काकांनी बाजूला उडी मारली म्हणून जीव वाचला. उजवा खांदा मात्र सापडला.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण खांद्याच्या वर जाणार नाही आणि त्यावर वजन तर कधीच घ्यायचं नाही. बाहेर बाकावर शमिका बसली होती, रडून डोळे सुजलेले.

“एआय चुकलं, अनिलदादा. कंपनीचे साहेब म्हणतात, सगळं काढून टाका. मीच बसवलं होतं. उद्या राजीनामा देते.”

अनिलने खिशातून फोन काढला, ते चार फोटो उघडले आणि फोन तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो बघत गेली. चारही फोटोंत तोच ओला कोपरा होता आणि त्यामागे पांढरा, कोरडा ठणठणीत स्लॅब स्वच्छ दिसत होता.

“मी हे उघडून बघितलेच नाहीत,” ती हळूच म्हणाली. “आणि यंत्रही एकाच कोपऱ्यात ठेवलं.” तिने डोळे पुसले. “साहेबांना मी सांगते. काकांना मात्र तुम्हीच सांगा.”

वॉर्डात काका जागे होते. अनिलने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चार बादल्या, फोटो, कोपरा, काहीच मागे ठेवलं नाही. काका छताकडे बघत ऐकत राहिले.

“देवाला खोटा सांगितला तर कौल उजवाच पडणार रे,” ते शेवटी म्हणाले. “त्याचा काय दोष? आणि मी कौलावर टेकू काढलेच नव्हते. तू ‘मारलं’ म्हणालास, म्हणून काढले.”

अनिलची मान खाली गेली.

“आमची पालखी चौथ्या दिशी आली,” काका सांगत होते. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “तीन दिस मी घरापुढच्या खळ्यात नुसता बसून होतो. बायको म्हणाली पण, एवढ्या लवकर कशाला आलाव? म्हटला, अनिल हाय तिथं. एक फोन केला असतास तर पहिल्या एसटीनं आलो असतो, पाणी मारून परत गेलो असतो.”

एक फोन. चार दिवसांत फोन तर रोज हातात होता. ‘हो’ दाबायला तोच तर खिशातून काढत होता. अनिलला हुंदका आवरेना.

“रडू नको. तुझ्या घरी पालखी नाचली ना नीट? आनंदीबायनं ओटी भरली?”

“भरली, काका.”

“बरा झाला.”

ते मनापासून म्हणाले आणि तेच अनिलला सोसवेना. काकांनी सवयीने उजवा हात उचलायला घेतला, त्याचे डोळे पुसायला असेल किंवा पाठीवर थाप द्यायला. हात चादरीवरून हलला नाही. त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.