मरून राहिला होता

सावरगावचा चिंधू ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला आणि त्याच्याबरोबर फौजेत भरती झालेला पांढुर्ण्याचा कवडू परत आला. चिंधू कसा गेला, हे त्याने चिंधूच्या बायकोला, अंबाबाईला, कधीच सांगितलं नाही. जाम नदी ओलांडली की तिचं घर. कवडू पाण्यापर्यंत जायचा आणि माघारी फिरायचा. अशी वर्षं लोटली.

शेवटी त्याने ते मोरेश्वर मास्तरांपाशी ओकून टाकलं. मास्तर कथा लिहीत. लढाई संपल्यापासून मासिकांना फौजी माणसांच्या कथा हव्या असत आणि मास्तरांनी बंदूक फक्त चित्रात पाहिलेली, त्यामुळे त्यांचीही सोय झाली. कवडूचं म्हणणं साधं होतं. आपल्या तोंडातून निघत नाही ते छापून येऊ दे, अंबाबाईच्या कानावर एकदाचं पडू दे. मग ती शिव्या देवो की तोंडावर थुंको.

कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकात आली. त्याच सुमारास नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. आता आपल्या मराठीला कोण विचारतो, म्हणून मास्तर कष्टी होते. पुण्यात नाव छापून आल्यावर मात्र त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. शाळेच्या ओसरीत त्यांनी वाचन ठेवलं आणि अंबाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं.

कथेत तोफा होत्या, चंद्र होता, झोपेतून किंचाळत उठणारा शिपाई होता. कवडू खांबाला टेकून ऐकत होता. त्याला झोप चांगली लागायची. फक्त कोणी पाणी मागितलं की तो उठून दुसरीकडे जायचा. ते मास्तरांनी घेतलं नव्हतं. मग ते वाक्य आलं. ‘मी निघालो तेव्हा चिंधू मरून पडला होता.’

कवडूने सांगितलं होतं, मरून राहिला होता. इकडे याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो. जीव जात होता, अजून गेला नव्हता. पुण्याच्या संपादकांना ते हिंदी वळण वाटलं असावं. त्यांनी शुद्ध केलं. मास्तरांनी ती दुरुस्ती प्रसादासारखी घेतली आणि न अडखळता वाचली.

वाचन संपल्यावर अंबाबाई डोळे पुसत कवडूपाशी आली.

“बरं झालं, कवडूभाऊ. मले वाटे, एकटाच तडफडला असन. तुम्ही जवळ होते तवाच गेला. आता जीवाले थंड वाटून राहिलं.”

कवडूला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पण तिने हात जोडले आणि ते त्याला सोसवलं नाही.

“वयनी, छापण्यात चुकलं,” तो म्हणाला. “चिंधू मरून राहिला होता. पाणी मांगून राहिला होता. दुश्मन जवळ आला म्हणून मी पळालो.”

“अरे, अर्थ एकच झाला ना,” मास्तर म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

अंबाबाईचे हात जोडलेलेच राहिले. ते खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

“मंग शेवटी त्याले काय दिसलं असन?” तिने विचारलं.

“माही पाठ,” कवडू म्हणाला.