सहावं घर

आयव्हर वारला तो बायकोला, थोराला, एक काम लावूनच. मोंटानातल्या त्यांच्या जुन्या पिस्तुलवाल्या मंडळींचा रिवाज असा, की कुणी वारलं की पुढच्या मेळ्यात घरच्यांनी त्याच्याच रिव्हॉल्व्हरमधून बार काढायचे. नाही काढले तर मंडळाच्या फळीवरची त्याच्या नावाची पट्टी उतरायची. मेळा शनिवारी. आणि आयव्हरच्या आजोबांच्या त्या रिव्हॉल्व्हरसाठी घरात एकही काडतूस नव्हतं. दुकानात मिळणार कुठून? कारखान्यांनी ते माप केव्हाच सोडून दिलेलं!

आयव्हर स्वतः बनवायचा. रायफलच्या लांब पितळी पुंगळ्या कापून आखूड करायच्या, बुडाची जाड कड लेथवर पातळ करायची, मग साच्यात दाबायच्या. आणि लेथ कुठे, तर स्वयंपाकघराला लागून! चाळीस वर्षं थोरानं पितळेचा चुरा झाडला. मोज्यांत चुरा, पावाच्या पिठात चुरा, एकदा तर वाढदिवसाच्या केकवर. काय भांडायची ती! आता फरशी लख्ख होती, आणि तिला त्या लख्ख फरशीकडे बघवत नव्हतं.

तिनं त्याची वही उघडली आणि लेथ सुरू केला. पहिल्या तीन पुंगळ्या वाया गेल्या. कड मागच्या अंगानं कापली, त्यामुळे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीचा खळगा उथळ झाला आणि टोपी बाहेर डोकावू लागली. वहीत आयव्हरनं दोनदा अधोरेखित केलं होतं: ‘कड पुढून कापायची, गाढवा!’ म्हणजे तोही इथेच फसला होता तर. थोरा एकटीच खदखदून हसली, मग डोळे पुसत बसली.

शुक्रवारी दुपारी सहा पुंगळ्या झाल्या. दारू भरण्याआधी तिनं त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या घरांत घालून पाहिल्या. पाच अलगद बसल्या, सहावी अर्ध्यातच अडली. तिनं ती घासली, पुन्हा घासली, इतकी घासली की ती कामातूनच गेली. आता उद्या काय करायचं? रडकुंडीला येऊन तिनं क्लेटनला फोन केला. क्लेटन म्हणजे आयव्हरच्या शेजारच्या मेजावर तीस वर्षं नेम धरणारा म्हातारा.

तो आला, पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “बाई गं, सहा कशाला?”

“घरं सहा आहेत. मोजता येतं मला!”

“अगं, पाचच भरायच्या! घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, नाहीतर धक्का लागून स्वतःच्याच पायात बार. चाळीस वर्षं संसार केलास आणि एवढं माहीत नाही?”

“मी झाडू मारत होते तेव्हा!”

“त्या रिकाम्या घरात जुने लोक नोट गुंडाळून ठेवायचे, मेल्यावर आपल्याला पुरायच्या खर्चाला. आयव्हरला विचारलं, तुझी केवढ्याची? तर म्हणायचा, तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठी.” क्लेटननं सहाव्या घरात पेन्सिल सरकवली. सहावी पुंगळी अडवणारी, काजळीनं माखलेली कागदाची सुरळी बाहेर आली.

नोट नव्हती. थोराचं स्वतःचंच अक्षर होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातलं: ‘अंडी, साखर, यीस्ट आण. आणि पिठात पुन्हा पितळ सापडलं, तर मी आईकडे निघून जाईन. खरंच जाईन.’

“गेली नाहीस ना?” क्लेटननं हळूच विचारलं.

“कुठे गेले रे! गेला तर तोच, मेला!” आणि ती क्लेटनच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

शनिवारी तिनं पाच बार काढले. दोन लागले, तीन गेले मागच्या टेकडीत. नावाची पट्टी जागेवर राहिली. घरी येऊन तिनं रिव्हॉल्व्हर पुसलं आणि तो कागद गुंडाळून होता तिथे परत ठेवला. फरशीवर पितळेचा चुरा पसरलेला होता. सवयीनं तिनं झाडू उचलला आणि परत कोपऱ्यात ठेवून दिला.